फळीवरचे भोंगे आणि आईचे कान



जुनी वस्तू घेताना काय पाहावे, याबद्दल या सदरात आपण अधूनमधून बोलत असतो. शिलाई मशीन झाले, सायकल झाली, लोखंडी कपाट झाले. आजची वस्तू जरा निराळी आहे. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे दोन स्पीकर, तेही जुने, आणि तेही भोंग्याचे!

भोंगा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? लग्नाच्या मांडवाला बांधलेला करड्या रंगाचा कर्णा. पहाटे पाचला सुरू होतो आणि साऱ्या वस्तीची झोप मोडतो. मी हे स्पीकर घरी आणतो म्हणालो तेव्हा आमच्या सूनबाईने कपाळाला हात लावला. "मामा, दहा बाय बाराच्या खोलीत भोंगा? शेजारी भांडायला येतील." तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण हे भोंगे घरात का आले, ते आधी सांगतो.

माझी आई आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन-तीन वर्षांपासून तिची एकच तक्रार होती. "आवाज येतो रे, पण बोलतात काय ते समजत नाही." टीव्हीचा आवाज वाढवला की नातवंडे ओरडायची, कमी केला की ती उठून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. हळूहळू तिने बाहेरच्या खोलीत येणेच सोडले. आम्ही काय समजलो? म्हातारी चिडकी झाली. घरातले माणूस आपल्यातून उठून जाते आणि आपण त्याच्या स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो, ही गोष्ट कबूल करताना मला आज लाज वाटते.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. श्रवणचाचणी झाली. डॉक्टरांनी कागदावरचा आलेख दाखवला. जाड, खर्जातल्या स्वरांच्या बाजूला रेघ बऱ्यापैकी वर होती, बारीक आणि उंच स्वरांकडे जाताना ती उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. वयाबरोबर पुष्कळांचे असेच होते. आपण बोलतो त्यातले अ, आ, ओ हे स्वर जाड असतात, त्यातून आवाजाला जोर येतो. पण स, श, फ, थ, ख ही व्यंजने बारीक असतात, आणि शब्दाचा अर्थ बराचसा त्यांच्यावर तोललेला असतो. बारीक आवाज गेले की 'बोलणे' ऐकू येते, 'शब्द' मात्र ऐकू येत नाही. आई दोन वर्षे अक्षरशः खरे तेच सांगत होती.

श्रवणयंत्र घेतले. बोलण्यासाठी ते बरे चालले, पण गाणे लावले की आई ते काढून डबीत ठेवायची. "पत्र्यावर खडे पडल्यासारखे वाटते," म्हणायची. आणि गाण्याशिवाय तर तिचे चालत नव्हते. आमचे बाबा गायन पार्टीत होते. पेटी वाजवत आणि गात. २००९ साली ते गेले. त्यांच्या आवाजाची एकच खूण घरात आहे. १९८८ साली एका गावच्या कार्यक्रमात कुणीतरी समोर टेपरेकॉर्डर धरून भरून घेतलेली कॅसेट. भाच्याने ती मोबाईलमध्ये उतरवून दिली आहे. टीव्हीला जोडून लावली की आई कान पुढे करून बसायची आणि दोन मिनिटांत उठायची. "नुसता घोंगाट आहे." आम्हालाही त्यात फार काही कळत नव्हते, पण आवाज बाबांचा म्हणून आम्ही ऐकायचो.

तेव्हा मी या विषयाच्या मागे लागलो.

भोंगा म्हणजे काय, हे साध्या शब्दांत सांगतो. उघड्या मैदानात हाक मारताना आपण दोन्ही तळवे तोंडाभोवती धरतो. आवाज तोच, छाती तीच, पण हाक लांब जाते. स्पीकरमधली छोटी पातळ चकती हवेला ढकलत असते. चकती लहान आणि हवा अफाट, त्यामुळे बरीचशी मेहनत वाया जाते. चकतीच्या पुढे हळूहळू रुंदावत जाणारा गळा बसवला की चकतीची आणि हवेची पकड चांगली जमते. थोड्या हालचालीत जास्त आवाज निघतो. चकतीला कमी हालावे लागते म्हणून आवाज फाटत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज भिंती-छताकडे न पसरता बराचसा समोर, ऐकणाऱ्याकडे जातो. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा याच तत्त्वावर चालतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, तेव्हा मोठमोठी चित्रपटगृहे भरून काढायला भोंगेच कामी आले, कारण त्या काळचे अॅम्प्लिफायर थोड्या वॅटचे होते.

घरगुती भोंग्याचे नाव काढले की अमेरिकेतले पॉल क्लिप्श हे गृहस्थ आठवावे लागतात. १९०४ साली जन्मले, २००२ साली वारले. आर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या छोट्या गावात १९४६ साली त्यांनी कंपनी काढली. खोलीच्या कोपऱ्यात बसेल असा मोठा भोंग्याचा स्पीकर त्यांनी केला. दोन भिंतींचा कोपरा हाच भोंग्याचा पुढचा भाग म्हणून वापरायचा, ही त्यातली युक्ती. तो स्पीकर कपाटाएवढा, आपल्या घरात त्याला जागा कुठली! पण त्याच कंपनीने पुढे फळीवरचे छोटे स्पीकरही काढले. त्यांतला मी घेतलेला नमुना म्हणजे आर-५१एम. हा २०१८ साली बाजारात आला. पुढे नवी मालिका आली, म्हणून हौशी लोक हा विकून नवा घेतात आणि आपल्यासारख्यांचे फावते.

याची उंची फुटापेक्षा इंचभर जास्त. खाली सव्वापाच इंचांचा तांबूस रंगाचा शंकू, तो जाड आणि मधले स्वर काढतो. वर चौकोनी भोंगा, त्याच्या तळाशी एक इंचाची अॅल्युमिनियमची चकती, ती बारीक स्वर काढते. बारीक स्वर काढणाऱ्या या भागाला ट्वीटर म्हणतात. बाजारात सांगतात तो 'हॉर्न ट्वीटर' हाच. मांडवातल्या कर्ण्यापेक्षा तो वेगळा पडतो तो इथेच. कर्णा एकटाच सारे स्वर काढायला जातो, जाड स्वर त्याला जमत नाहीत, म्हणून तो नाकात बोलतो. इथे भोंग्याला फक्त बारीक काम दिलेले आहे. जाड काम शंकू करतो.

आता एक आकडा. स्पीकर घेताना विक्रेते 'किती वॅट' हेच सांगतात. तुम्ही विचारा, 'किती डेसिबल'. एक वॅट वीज दिली तर एक मीटर अंतरावर आवाज किती, याचा तो आकडा. या स्पीकरचा कंपनीने दिलेला आकडा ९३ आहे. घरात माझे जुने साधे स्पीकर होते, त्यांचा ८७. फरक सहाचा. दर तीन डेसिबलला विजेची गरज दुप्पट होते, म्हणजे सहाला चौपट. जुन्या स्पीकरला जिथे वीस वॅट लागत, तिथे याला पाचात भागते. कंपन्यांचे आकडे थोडे सैल हाताने दिलेले असतात हे धरले, तरी फरक कानाला कळतो. म्हणून याला महागडा अॅम्प्लिफायर लागत नाही. माझा वीस-तीस वॅटचा छोटा अॅम्प्लिफायर यासमोर अर्ध्यावरही फिरवावा लागत नाही.

पण जुना माल म्हटला की तपासणी आली. पहिली जोडी मी पाहायला गेलो ती एका दुकानदाराकडे. बाहेरून चकचकीत. एकाचा भोंगा मुका होता, पण गाणे मोठ्याने लावल्यामुळे कळत नव्हते. दुकानदार म्हणाला, "काका, हा असाच मधुर वाजतो!" मी नमस्कार करून निघालो. दुसरी जोडी ठाण्याला, घर बदलणाऱ्या एका तरुणाकडे. साडेअकरा हजारांत सौदा झाला. जाताना काय न्यावे आणि काय पाहावे, ते लिहून ठेवा.

एक, एकाच माणसाचे साधे बोलणे लावून पाहा. बातम्या चालतील. आधी फक्त डावा, मग फक्त उजवा. दोन्हींत माणूस सारखाच बोलला पाहिजे. कागदाची पुंगळी करून एक टोक कानाला आणि दुसरे भोंग्यासमोर धरा. स, श ऐकू आले पाहिजेत.

दोन, दोन्ही चालू करून मधोमध बसा. बोलणे दोघांच्या मधून, हवेतून आल्यासारखे वाटले पाहिजे. ते सैरभैर झाले आणि जाड आवाज गायब झाला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या आहेत. हा दोष फुकटात दुरुस्त होतो.

तीन, मल्टिमीटर असेल तर जोडणीच्या दोन टोकांवर रोध मोजा. आठ ओहमच्या स्पीकरला साधारण पाच ते सात ओहम दिसतात. पण फसू नका! हा रोध फक्त मोठ्या शंकूचा असतो. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असल्यामुळे मीटर तिथवर पोचत नाही. म्हणून भोंग्याची परीक्षा कानानेच करायची.

चार, शंकूच्या कडेची लवचीक किनार बोटाने हलकेच दाबून पाहा. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत, आपल्या दमट हवेत, तिचा भुगा होतो. रबराची पुष्कळ टिकते. चारही बोटांनी शंकू सरळ आत ढकलून सोडा. खरखर लागली तर आतली तारेची गुंडाळी घासते आहे, जोडी सोडून द्या.

पाच, स्थानिक बाजारात काही स्वस्त स्पीकरांवर भोंग्याच्या आकाराचे प्लास्टिक बसवलेले असते आणि आत स्फटिकाची छोटी चकती असते. तिला पिझो म्हणतात. शिट्टी-झांजेला ती चालते, पण माणसाचा आवाज त्यातून किरटा येतो. नुसता आकार पाहून भुलू नका.

आता ऐकण्याचा अनुभव.

पहिल्या दिवशी, खरे सांगतो, निराशा झाली. कपाटावर ठेवले, भिंतीला चिकटवले आणि गाणे लावले. टाळ कानात टोचत होते, आणि खाली ढोलकीचा धूम खोलीभर घुमत होता. सूनबाई काही बोलली नाही, पण तिची नजर बोलत होती. दोन दिवस मी ठेवण बदलत राहिलो. चूक वस्तूची नव्हती, माझी होती. याच्या पाठीला हवेचे भोक आहे, ते भिंतीला चिकटले की जाड आवाज फुगतो. मी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले. जागा नसेल तर त्या भोकात एक जुना पायमोजा सैलसा कोंबावा, घुमणे कमी होते. भोंगा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणला. तोंडे थेट कानांवर रोखली होती, ती जराशी बाहेर वळवली. लादीवर सतरंजी टाकली आणि समोरच्या उघड्या भिंतीवर आईने शिवलेली गोधडी टांगली. टोचणे जवळजवळ गेले. खर्च शून्य.

मग ऐकायला बसलो. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज लावला. त्यांचा तो मोकळा, खडा सूर या स्पीकरला फार मानवतो. गळ्यातून निघालेला आवाज तोंडासमोर येऊन उभा राहतो. विठ्ठल उमप यांच्या गाण्यात शब्द फेकण्याची एक तऱ्हा आहे, ओळीच्या शेवटचे अक्षर ते कसे सोडतात ते आधी कधी लक्षात आले नव्हते. ढोलकीच्या शाईच्या बाजूची थाप टणकन, सुटी सुटी येते. हलगीवर काडी पडते आणि लगेच कातडे ताणून थरथरते, हे दोन्ही वेगळे कळते. पेटीचे सूर भरीव, पण भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. सुलोचना चव्हाण यांच्या लावणीत घुंगरू आणि आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, दोघांना आपापली जागा आहे. आणि हे सारे हळू आवाजात! रात्री दहानंतर शेजाऱ्यांना कळणार नाही इतक्या हळू आवाजातही शब्द तुटत नाहीत. सूनबाईची भीती तिथेच संपली.

आता उणे बाजूही सांगितली पाहिजे. सव्वापाच इंचांच्या शंकूकडून खोल खर्जाची अपेक्षा करू नका. ढोलकी चालते, पण मोठा ढोल किंवा संबळेचा खोल ठोका पोटात जाणवत नाही. दुसरे, हा स्पीकर काही लपवत नाही. घाईघाईने दाबून लहान केलेली मोबाईलमधली गाणी याच्यावर उघडी पडतात. माझ्या जुन्या साध्या स्पीकरवर तीच गाणी गोड लागत, कारण ते बारीक आवाज अर्धवटच दाखवत. तासन् तास मागे मंद काहीतरी चालू ठेवायचे असेल, तर ते जुने बरे. तिसरे, अॅम्प्लिफायर अगदी हलका असेल तर गाणे थांबल्यावर त्याची स्वतःची 'सूं' भोंग्यातून ऐकू येते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आईला म्हटले, "जरा इथे बसून बघ." ती म्हणाली, "मला काय कळते त्यातले?" पण बसली. बाबांची ती कॅसेट लावली. टेपची खरखर आधी आली, चांगली मोठी, मला वाटले आता उठणार. मग पेटी आली, मग आवाज. आई हलली नाही. पहिले कडवे झाले. दुसरे सुरू झाले, आणि तिने हात वर केला.

"हे ह्यांचे नाही."

मी म्हटले, "आई, बाबांचीच कॅसेट आहे ही."

"पहिले कडवे ह्यांचे. हे दुसरे जोडीदाराचे आहे. ह्यांना त्या रात्री ठसका लागला होता, मी पुढेच बसले होते. तुम्ही इतकी वर्षे त्याला बाप समजून ऐकता काय रे?"

मागे नेऊन पुन्हा लावले. खरेच! दोन गळे होते. पहिला जरासा खरखरीत, शब्दाला वजन देणारा, दुसरा पातळ, सुरेल. घोंगाटात दोघांचा एकच झाला होता. आम्हा भावंडांना ज्या कडव्याचा फार अभिमान होता, ते कडवे बाबांचे नव्हतेच! आम्ही हसलो. आई मात्र पुन्हा पुन्हा पहिलेच कडवे लावायला सांगत राहिली.

यातून कुणी असा अर्थ काढू नये, की भोंग्याचे स्पीकर आणले की कान बरे होतात. गेलेले श्रवण असे परत येत नाही. टीव्हीच्या पाठीमागे किंवा खाली तोंड केलेले बारके स्पीकर मुळात वाईट असतात, त्यांच्या जागी समोर तोंड असलेला कुठलाही बरा स्पीकर आला तरी फरक पडतो. भोंगा बारीक आवाज भिंतींवर न उधळता समोर देतो, त्यामुळे व्यंजने प्रतिध्वनीत कमी बुडतात, एवढाच त्याचा जास्तीचा हात. श्रवणयंत्राची गरज संपत नाही. आम्ही आईला पुन्हा श्रवणतज्ज्ञांकडे नेले आणि गाण्याची अडचण सांगितली. पुष्कळ यंत्रांत गाण्यासाठी वेगळी मांडणी करून घेता येते, ती त्यांनी करून दिली. हे आम्ही आधी विचारलेच नव्हते! आता ते यंत्र डबीत कमी आणि कानात जास्त असते.

तरुण वाचकांना एक इशारा. हे स्पीकर थोड्या विजेत मोठे वाजतात आणि फाटत नाहीत, त्यामुळे आवाज किती वाढला ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी मर्यादा सांगितली आहे ती ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास. ९० डेसिबलला तीच मर्यादा चार तासांवर येते. शेजारी बसलेल्याशी बोलायला ओरडावे लागत असेल तर आवाज जास्त आहे, ही घरगुती खूण लक्षात ठेवा.

घरात कुणी वडीलधारे 'ऐकू येते पण समजत नाही' म्हणत असेल, तर त्यांना चिडके ठरवण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या. स्पीकर त्यानंतर. आणि जुन्या कॅसेटी असतील तर त्या टाकू नका. ज्यांना त्यातले आवाज ओळखता येतात ती माणसे आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून ऐका, आणि कोण गाते आहे ते वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत आता पहिल्या कडव्यासमोर बाबांचे नाव आहे, दुसऱ्यासमोर त्यांच्या जोडीदाराचे.

पुढच्या खेपेस जुना टेपरेकॉर्डर साफ कसा करावा आणि कॅसेटवरचा आवाज कसा उतरवून घ्यावा, ते पाहू.